मागल्या दाराची कडी

कृष्णाबाईचं नाव गावात निघायचं ते चांगल्याच कारणाने, आणि निघालं की ती जवळपास कुठेतरी ऐकत असायचीच. वरसे गावाच्या पलीकडे, रोह्याहून रिक्षाने जाण्याजोगं तिचं गाव. अंगण असं सारवलेलं की सांडलेला भात वेचून खावा. वालाची शेंग तिच्या शेतात सगळ्यांच्या आधी भरायची की तीच सगळ्यांच्या आधी बोभाटा करायची, हे देव जाणे. पण सगळ्यांत मोठा मान तिला मिळाला तो सुनेपायी. सगुणाच्या छातीत दुखणं निघालं, टीबी आहे म्हणाले, आणि तरी कृष्णाबाईने एकुलत्या एका सुनेला माहेरी धाडलं नाही. आसपासच्या गावांत अशा सुना बोचकं बांधून परत गेल्या होत्या. हिने ठेवून घेतली.

माघात शेतावर पोपटी लावली, मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा भाजल्या, तेव्हा सगुणाचे वडील हैबतराव पेणच्या बाजूने मुद्दाम आले होते. सगळी भावकी शेंगा सोलत बसलेली असताना हा म्हातारा उभा राहिला आणि म्हणाला, "लोक आजारी पोरीला उंबऱ्याभायेर काढतात. आमच्या विहीणबायनं पोटच्या पोरीवानी घरात ठेवली. अशी मानसं आता ऱ्हायली नाय." मग पिशवीतून हिरवं पातळ काढून विहिणीच्या ओटीत घातलं. कृष्णाबाईने मान खाली घातली. लोकांना वाटलं, बाई किती विनयाची.

सगुणा त्या वेळी चार हात लांब, आपल्या वेगळ्या पानावर शेंगा सोलत होती. तिने वर पाहिलं नाही.

खरं होतं ते असं. दिवाळीपासून सगुणा घरात झोपत नव्हती. गोठ्याला लागून एक पडवी होती, तिथे गुरांचा पेंढा आढ्यापर्यंत रचलेला असायचा. त्या पेंढ्याला खेटून तिची वळकटी. ताट वेगळं, वाटी वेगळी, आणि एक स्टीलचा पेला, त्याच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका. घरात यायचं तर मागल्या दाराने, तेही चुलीपासून लांब. दिवेलागण झाली की ते दार आतून बंद व्हायचं. रोह्याच्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं की सुरुवातीला थोडे दिवस तोंडाला फडकं बांधा, खिडक्या उघड्या ठेवा. कृष्णाबाईने ते सांगणं वातीसारखं वळून वळून लांबवलं. मुलगा महिपती डोलवीला कंपनीत कंत्राटावर, तिथेच चौघांत खोली करून राहायचा. सुट्टीला घरी आला की विचारायचा, "आये, तिला किती दिस असं?" आणि आई म्हणायची, "डॉक्टरांनीच सांगितलंय. पोर लहान हाय घरात." आपल्या चिमुरड्या लेकीचं नाव निघालं की महिपती विषय सोडून द्यायचा.

आता कृष्णाबाई काही राक्षसीण नव्हती. तिची धाकटी बहीण क्षयाने गेली होती. तेव्हा ह्या दोघी परकर नेसायच्या वयाच्या. बहिणीला शेताच्या बांधावरच्या खोपीत ठेवलं होतं, आणि भाकरी नेऊन दगडावर ठेवायची आणि मागे न बघता पळत यायचं, हे काम कृष्णाबाईचं. दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितं. त्या बहिणीचं नाव शांती. नात झाली तेव्हा आजीने हट्टाने तेच नाव ठेवलं होतं. तेव्हा सुनेला खोकताना पाहून तिचा जीव पोरीसाठी उडाला असेल, तर त्याला कोण काय म्हणणार?

पण गोष्ट तिथे थांबली नाही. टीबीच्या गोळ्या पोटात जात राहिल्या आणि सगुणाला उतार पडेना. थुंकी तपासली तर स्वच्छ, छातीचा फोटो काढला तर डाग तसेच. शेवटी चैत्रात महिपतीने तिला मुंबईला नेलं. तिथे छातीतल्या गाठीचा तुकडा काढून तपासला, आणि कळलं की हा टीबी नव्हेच. सारकॉइडोसिस. शरीर आपल्याच आत गाठी धरतं, असं काहीतरी. स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. आणि महिपतीने घरी येऊन दारातच सांगितलं, "आये, हे लागट नाय. डॉक्टर दोनदा बोलले. एका ताटात जेवलं तरी नाय लागनार."

"काल टीबी बोलले, आज नाय बोलतात. उद्या काय बोलतील?" कृष्णाबाई म्हणाली. "पावसाळा सरंपर्यंत ऱ्हाऊ दे. मंग बघू."

महिपतीची शिफ्ट होती. तो गेला.

तिला पटलं नव्हतं असं नाही. मुंबईच्या डॉक्टरांचं बोलणं तिला त्याच दिवशी पटलं होतं. पण शांती आता तिच्या कुशीत झोपायला लागली होती. आजीच्या पदराचं टोक मुठीत धरायची आणि झोपेत पाय तिच्या पोटावर टाकायची. नवरा गेल्यापासून त्या अंथरुणात कृष्णाबाई एकटी होती. सून घरात आली की पोर आईजवळ जाणार, हे कळायला काय शहाणपण लागतं? तेव्हा तिने मनातल्या मनात पावसाळा पुढे केला. हे तिने कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही धड सांगितलं नाही.

शिवाय सगुणाने काही काम करावं की नाही? चूल बंद, पाणी बंद. मग कृष्णाबाईनेच सोय काढली, "तिथंच हायस तर गुरांना पेंढा काढून घालत जा. बसल्या जागंचं काम." गेल्या दिवाळीत अवेळी पाऊस पडून भात उभं भिजलं होतं. पेंढा ओलाच रचला गेला. आषाढात पडवीचं छप्पर गळायला लागलं तेव्हा तर तो आतून काळा पडला. पेंडी ओढली की पांढरी भुकटी धुरासारखी उठायची. सगुणा पदर नाकाला लावायची आणि ओढायची.

स्टेरॉइडने तिचं तोंड गोल झालं. शेजारची धोंडुबाई म्हणाली, "सून बाळसं धरतेय गो कृष्णे, खिलवतेस चांगली." कृष्णाबाईने तेही पदरात पाडून घेतलं.

श्रावणात सगुणा रक्त खोकली. पहिल्यांदा तिने ते राखेत झाकलं. दुसऱ्यांदा कृष्णाबाईनेच पाहिलं, पेंढ्यावर, लालभडक.  महिपतीला रजा मिळेना, म्हणून पेणला रामवाडीजवळच्या छातीच्या डॉक्टरांकडे सासूच सुनेला घेऊन गेली. स्कॅन आदल्या दिवशीच काढून ठेवला होता. हैबतराव थेट दवाखान्यात आले.

डॉक्टर तरुण होते, आवाज हळू. त्यांनी स्कॅन उजेडाला धरला आणि वरच्या बाजूला बोट टेकवलं. "सारकॉइडोसिसने इथे पोकळी पडली आहे. रिकामी जागा. आणि त्यात हा गोळा दिसतोय ना, ही बुरशी आहे."

"बुरशी?" हैबतराव म्हणाले. "भाकरीला धरते ती?"

"तिच्याच जातीची. हवेत थोडी सगळीकडेच असते. तुमच्या-माझ्या छातीत गेली तर शरीर तिला मारून टाकतं. पण ह्यांना आपण स्टेरॉइड देतोय, ते त्या आजारासाठी लागतंच, आणि त्याने अंगातला पहारा ढिला पडतो. पोकळी आयती, पहारा ढिला. तिथे तिने घर केलं. रक्त तिथूनच येतंय." मग त्यांनी सगुणाकडे वळून विचारलं, "घरात ओल आहे का? कुजकं धान्य, जुना पेंढा, असलं काही जवळ? तुम्ही झोपता कुठे?"



"माजघरात," सगुणा म्हणाली. "पलंगावर. आत्या माझं लय बघतात."

हे ती आजच बोलली नव्हती. हैबतराव घरी यायचे असले की सगुणा आपणहून वळकटी उचलून माजघरात आणायची, पलंगावर पसरायची आणि वडील गेले की परत न्यायची. ही युक्ती कुणी कुणाला शिकवली नव्हती. पहिल्यांदा तिने तसं केलं तेव्हा कृष्णाबाईला हायसं वाटलं होतं. आज मात्र ते शब्द कानात शिरले आणि तिला वाटलं, जमीन दुभंगावी. पण जमीन काही दुभंगली नाही आणि कृष्णाबाईही काही बोलली नाही. हैबतराव अभिमानाने मान हलवत होते.

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "मग एवढी बुरशी येते कुठून? गोळ्या सुरू करतो. पण उगम सापडला नाही आणि ती रोज आत जातच राहिली, तर गोळ्या तरी किती पुऱ्या पडणार? पुन्हा रक्त आलं आणि जास्त आलं, तर मुंबई गाठायलासुद्धा वेळ मिळायचा नाही. नीट आठवून बघा."

तिघंही बाहेर आले. पलीकडे चहाची टपरी होती, तिथल्या बाकड्यावर बसले. 

हैबतराव म्हणाले, "विहीणबाय, तुमी लय केलंत. आता चार म्हयने पोरीला आमच्याकडं धाडा. तुमालाबी जरा इसावा."

हे ऐकलं आणि कृष्णाबाईच्या अंगात जीव आला. केवढी सोपी वाट! माहेरी पेंढा नाही, गोठा नाही, कौलारू कोरडं घर. सगुणा तिथे बरी होईल, पडवीचं नाव कुणाच्या कानावर जाणार नाही, आणि शांतीची शाळा आहे म्हणून शांती आपल्याकडेच राहील. झाकली मूठ सव्वा लाखाची. "बघा तुमी," असं म्हणायला तिने तोंड उघडलंसुद्धा.

तेवढ्यात चहावाल्याने तीन कप भरून आणले. सगुणा चटकन उठली, वाऱ्याच्या खालच्या अंगाला जाऊन उभी राहिली, आणि पिशवीतून आपला पेला काढून चहावाल्यापुढे धरला. "माझा ह्यात वता दादा. कपाला हात नको माझा."

चहावाला बघतच राहिला. हैबतरावांनी तो पेला पाहिला, बुडाचा लाल ठिपका पाहिला. "घरनं पेला कशाला आनलास गो?"

"सवय हाय, बाबा," सगुणा म्हणाली, आणि मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन घाईने पुढे म्हणाली, "कप लय गरम लागतो मला."

 म्हातारा लेकीच्या हाताकडे बघत राहिला. आणि कृष्णाबाईला तो दगड आठवला, बांधावरचा, ज्यावर ती भाकरी ठेवून पळायची. एकदा तिने मागे वळून पाहिलं होतं. बहिणीने भाकरी उचलली होती आणि हसून हात हलवला होता, जसं काही दगडावर वाढणं हीच रीत. ह्या पोरीचंही तसंच झालं होतं. मरणाच्या दारात उभी राहून ती सासूची अब्रू सांभाळत होती, आणि सासू ती सांभाळू देत होती. कृष्णाबाईला स्वतःची एवढी किळस कधी आली नव्हती.

ती उठली. चहा तसाच ठेवून रस्ता ओलांडला आणि बाहेर बसलेल्या पेशंटांमधून वाट काढत दवाखान्याचं दार ढकललं. मागोमाग हैबतराव आले, त्यांच्यामागे सगुणा, "आत्या, नको, आत्या" करत.

"डॉक्टरसायेब, ती खोटं बोलली," कृष्णाबाई दारातूनच म्हणाली. तिचा आवाज बाहेर बसलेल्यांपर्यंत जात होता हे तिला कळत होतं. "माजघरात नाय झोपत ती. गोठ्याच्या पडवीत झोपते, पेंढ्यात. पेंढा कुजलाय. रोज गुरांना तीच वडून घालते. मी सांगितलंय म्हनून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कधीपासून?"

"दिवाळीपास्नं."

"सारकॉइडोसिस लागत नाही, हे मुंबईच्या लोकांनी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं व्हतं."

"मग?"

ह्या एका शब्दाला कृष्णाबाईकडे उत्तर होतं, पण ते जिभेवर येईना.  डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलंत. आता उपचाराला दिशा आहे. आजपासून ह्यांनी पेंढ्याच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही. कोरडी खोली, उजेड. स्टेरॉइड एकदम बंद करायचं नाही, मी हळूहळू कमी करतो. बुरशीच्या गोळ्या बरेच महिने लागतील. गोळा लगेच जाणार नाही, पण रक्त थांबेल अशी आशा आहे."

हैबतराव भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी विचारलं, "पोपटीला मी उभा ऱ्हाऊन बोललो, तवा ही कुठं झोपत व्हती?"

"तिथंच," कृष्णाबाई म्हणाली.

म्हाताऱ्याने मान हलवली. लेकीला म्हणाला, "चल घरी. आपल्या घरी."

सगुणाने डोळे पुसले. "शांतीला बगून किती दिस झालं जवळनं, बाबा. तिला टाकून नाय यायची मी. मी माझ्या घरी जाते. झोपायला माजघर हाय तिथं."

हैबतरावांनी दोघींना रोह्याच्या गाडीत बसवून दिलं. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. विहिणीकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि विहीणबाय असा शब्दही तोंडातून काढला नाही.

गाडीत दोघी एका बाकावर. नागोठणं मागे पडेपर्यंत कृष्णाबाई खिडकीबाहेर बघत होती. मग बाहेर बघतच म्हणाली, "डॉक्टरनं इचारलं, मंग? मी नाय बोलले. तुला सांगते. पोर माझ्याजवळ झोपायला लागली व्हती. ती परत तुझ्याकडं जाईल म्हनून मी तुला भायेर ठेवली. भीती-बीती चैत्रातच गेली व्हती माझी."

गाडी खड्ड्यात आदळली. 

"मला ठाव व्हतं," सगुणा म्हणाली. "मागल्या दाराच्या फटीतनं बगायची मी. तुमच्या पदराला धरून झोपायची ती. रडायची नाय, म्हनून मीबी गप ऱ्हायले."

शिव्या दिल्या असत्या तर कृष्णाबाईने झेलल्या असत्या. ह्याला काय करायचं? तिने पदर तोंडाला लावला आणि उरलेला रस्ता ती तशीच बसून राहिली.

घरी पोचल्या तेव्हा ऊन कलतं होतं. शांती धोंडुबाईकडे होती. आवाज ऐकून धावत अंगणात आली. आईला पुढल्या अंगणात पाहिलं आणि जागच्या जागी थांबली. मग, आजीने शिकवलं होतं तसं, फ्रॉकचं टोक उचलून नाकातोंडावर धरलं.

"शांते, तुजी आयी घरात येतेय आता," कृष्णाबाई म्हणाली. "आजपास्नं घरातच ऱ्हानार."

"पुढल्या दारानं?" पोरीने फ्रॉकच्या आडून विचारलं. मग आईकडे बघून अगदी समजुतीने म्हणाली, "आये, तू मागल्या दारानं ये ना. मी कडी काढते."

ती शहाण्या मुलीसारखी बोलली. तिचं काही चुकलं नव्हतं. सगुणा हसल्यासारखं करून वळली, आणि खरोखरच गोठ्याच्या बाजूला चालायला लागली. पायांना ती वाट पाठ झाली होती.

कृष्णाबाईने तिचा दंड धरला. "तू नाय. तू पुढनं जा. मागल्या दारानं कुनी जायाचंच असंल, तर मी जाते."

"आत्या, काय हे, पोराच्या बोलन्यावर..."

"जा म्हनते ना! पोरीला घे आणि जा आत."

आणि ती निघाली. गोठ्याला वळसा घालून, पडवीवरून. सगुणाची वळकटी तिथे पेंढ्याला टेकून नीट गुंडाळलेली होती, शेजारी पालथं घातलेलं ताट. कुबट वास नाकात शिरला आणि कृष्णाबाईला ठसका लागला. घर तिचं, पडवी तिची. पण आषाढापासून ती इथे दोन घटकासुद्धा थांबली नव्हती. ठसका निवेपर्यंत ती ताटाकडे बघत उभी राहिली. मग पुढे होऊन तिने मागलं दार लोटलं.

दार हललं नाही. आतून कडी होती, सकाळी निघताना घातलेली. दिवेलागणीला कडी लावायची, हे शांतीला तिनेच शिकवलं होतं. पोर टाचा उंचावून लावायची तेव्हा तिने कौतुकाने पाठही थोपटली होती.

कृष्णाबाईने हाक मारली नाही. मारायचं तोंडच नव्हतं. ती दाराला हात लावून उभी राहिली. आत सगुणाचा खोकला ऐकू आला, आणि मग तिचा आवाज, "शांते, दार उघड गो. आजी हाय भायेर."

बारकी पावलं पळत आली. ती कडीखाली थांबली, आणि पोरीने आईला विचारलं, "आये, आजी मागल्या दारानं आली. मंग तिचं ताट भायेर मांडू काय?"